बर्फात तापणाऱ्या सळईबाबत

घडले ते असे :

१. एमएस्सी गणिताच्या अंतिम परीक्षेत, आंशिक अवकल समीकरणांच्या पेपरात प्रश्न होता : मधोमध तापवलेल्या सळईची दोन्ही टोके बर्फात ठेवली, तर तिचे तापमान वेळेनुसार कसे बदलेल?

२. स्वाती कोलू पुंगाटी या विद्यार्थिनीने उत्तर काढले : सळई थंड होत जाईल.

३. आदर्श उत्तरपत्रिकेनुसार सळई तापत जाते. स्वातीला त्या प्रश्नात शून्य, पेपरात छत्तीस. पास व्हायला चाळीस लागतात.

४. आदर्श उत्तरपत्रिका आमचे विभागप्रमुख प्रा. हेमराज वाढई यांनी केली. फेरतपासणीही तीच समोर ठेवून झाली.

५. स्वातीला हैदराबादला संशोधनासाठी जागा मिळाली आहे. उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका ३० जूनपर्यंत दिली नाही, तर ती जागा जाईल.

६. १६ जूनला नागपुरात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत.

म्हणून मी, नूतन देवाजी भोयर, वय २९, मूळ राहणार कोरपना, सध्या अहेरीत भाड्याच्या खोलीत, तासिका तत्त्वावर गणित शिकवणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते. शुद्धीचा पुरावा मागितल्यास, काल सोडवलेली बावीस उदाहरणे टेबलावर आहेत. डॉक्टर म्हणतात, धोका शंभरात तीन. हा कागद त्या तिनांसाठी. उरलेल्या सत्त्याण्णवांत मी परत येऊन तास घेईन.

कलम १. घर नाही. बँकेत जे असेल ते आणि कानातले माझी आई सत्यशीलाबाई हिला. परवा ती फोनवर म्हणाली, "दिलाचं मशीन बिघडलं तं डोक्याचं काऊन चालू ठेवतं? आराम कर ना." आरामाचे हे कलम तिला लागू आहे, मला नाही.

कलम २. स्कुटी धाकटा भाऊ आदेश याला. तो विचारायचा, "ताई, एवढं शिकून तू का करून राह्यली? यानं कापूस वाढते का?" उत्तर आता देते. ऊन जमिनीत किती खोल उतरते ते ज्या समीकरणाने कळते, ते लिहून स्कुटीच्या डिकीत ठेवले आहे. तो वाचणार नाही. तरी त्याचेच.

कलम ३. निळी वही स्वातीला. तिच्यात सळईची पूर्ण रीत आहे : जागेचा भाग वेगळा काढायचा, वेळेचा वेगळा, दोन्ही सोडवून गुणायचे. वेळेच्या भागात घातांकापुढे वजाचिन्ह येते, म्हणून उष्णता ओसरते. सरांच्या गाईडमध्ये ते छापताना गळले. गाईड अकरा वर्षे चालते आहे. अकरा वर्षे सरांची सळई बर्फात बसून तापते आहे आणि तिच्या जोरावर मुले पास होत आहेत. त्या गणिताने एव्हाना सूरजागडचा लोहखनिजाचा डोंगर वितळून खाली यायला हवा होता.

स्वातीला मीच सांगितले होते, "पुस्तकात काही असो, सळईवर विश्वास ठेव." तिने ठेवला. चूक सरांची, भरवसा माझा, नापास ती. यातला माझा वाटा मी नाकारत नाही.

निकालानंतर आम्ही आठवडी बाजारातल्या मासळीवालीकडून बर्फ आणला. प्रयोगशाळेतले परिचर मुखरूभाऊ यांनी सळई तापवली. सर शेजारी उभे होते. तापमापी उतरू लागली.

"पाहा ना सर," मुखरूभाऊ म्हणाले, "थंडीच होऊन राह्यली."

"मुखरू, हा मासळीचा बर्फ आहे. प्रमाणित बर्फ वेगळा असते."

"तं गाईडातला बर्फ कुठी भेटते जी? सांगा, मी आणतो."

सर मग माझ्याकडे वळले. "मॅडम, प्लस-मायनस छोटी गोष्ट आहे. तुम्ही तासिकावाल्या. पुढच्या वर्षीची ऑर्डर पाहिजे ना?"

मी याची नोंद घेतली. ही ती नोंद.

वही सरांनी 'संदर्भासाठी' मागितल्यास देऊ नये. माझ्या आधीच्या टिपणांची दुसरी आवृत्ती निघाली आहे, त्यांच्या फोटोसह.

कलम ४. सरांना मी एक वजाचिन्ह ठेवते. लहान, आडवी रेघ. घातांकाच्या डावीकडे लावावी. ऋणनिर्देशात माझे नाव नको.

कलम ५. माझ्या शोकसभेत सरांनी बोलू नये. बोललेच, तर 'विभागाच्या कुटुंबातली मुलगी' म्हणू नये. कुटुंबात मला सहा वर्षे बसायला खुर्ची नव्हती.

साक्षीदारांना यातून काहीही मिळत नाही. मुखरूभाऊंनी हे दोनदा विचारून घेतले. "मंग ठीक आहे," म्हणाले, "हावरेपणाची सही नाई माही."

लिहून देणार : नूतन देवाजी भोयर (सही)

साक्षीदार : १. मुखरू बोबाटे, प्रयोगशाळा परिचर (सही)
२. भागीरथा निकुरे, खानावळ चालक (सही)

स्थळ : अहेरी
दिनांक : ९ जून २०२५

प्रा. हेमराज वाढई यांस, प्रत हातोहात :

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. स्वातीकडे तेवढा वेळ नाही, म्हणून आपल्याला आजच देत आहे. आदर्श उत्तरात चूक आहे, असे परीक्षा विभागाला कळवणारे पत्र तयार करून सोबत जोडले आहे. त्यावर फक्त आपली सही हवी. सही करणार की नाही, हे कृपया शुक्रवार, १३ जून, सायंकाळी पाचपर्यंत लेखी कळवावे.