आवाज देऊन उतरणारे बगळे

साखरखेर्डा, १९ ऑगस्ट

प्रिय गोकुळ,

आधी आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण आज मनातून येत नाही. तुझा मेसेज येऊन महिना झाला. 'आईनं मला पाहून न पाहिल्यासारखं केलं, माझ्याकडून विषय संपला.' मोठा आला विषय संपवणारा! रागाच्या भरात मी उत्तरच दिलं नाही.

अंगणातली चिंच अजून उभी आहे. तुझ्या गाडीच्या शेडसाठी ती तोडायची होती, बगळ्यांच्या घाणीनं आणि कलकलाटानं तुझ्या बायकोचं डोकं दुखायचं. आईनं तोडू दिली नाही, तर "तुले पोरापेक्षा बगळे जवळचे" म्हणून चार वर्षांपूर्वी तू पुण्याला निघून गेलास. यंदा राखी बगळ्यांचे अकरा खोपे आहेत, पिल्लांची दिवसभर टकटक चालते. आईनं आपल्याला शिकवलेलं आठवतं का? चारा घेऊन येणारा बगळा वरूनच घोगरा आवाज देतो, खोप्यातला जोडीदार ओळखून उत्तर देतो, मगच तो उतरतो. मुकाट उतरला तर परका समजून चोच बसते. शाळेतून येताना तू फाटकापासूनच तसा ओरडायचास, आणि आई चुलीपासून हसत म्हणायची, "उतर रे बाबा, उतर."

गेल्या महिन्यात तू आलास तेव्हा मी बाजाराला गेले होते. समोरच्या पंक्चरवाल्या अकरमभाऊंनी सांगितलं, की तू आईच्या खाटेसमोर पाच मिनिटं उभा राहिलास. तिनं तोंड वर केलं. तू वाट पाहिलीस तिनं बोलायची, आणि चालता झालास. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणते, "कोनतरी येऊन उभं राह्यलं वं, बोललंच नाही. बगळा बी आवाज देऊन उतरते."

गोकुळ, तिला दिसत नाही. काचबिंदूनं दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळे गेले. मेहकरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता उपाय नाही. तुला कळवू नये म्हणून तिनं मला शपथ घातली होती. कीव करून येणारा पोरगा तिला नको होता. मीही शहाणी, शपथ पाळत बसले. तेवढा दोष माझा. पण तुझ्या तोंडाला काय कुलूप होतं? एक 'आई' म्हणाला असतास तर काय झिजलं असतं? तो कोण होता हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. माझी जीभच रेटत नाही.

हे सगळं गिळून मी गप्पच राहिले असते. पण आज सकाळी चिंचेवर इतका गोंगाट होता की मला माझं बोलणं ऐकू येईना. आणि आई खाटेवरून विचारते, "रेणुके, यंदा बगळे लवकर गेले काय वं?" मी तिचा हात धरला. तिचे कानही चाललेत. जवळ जाऊन मोठ्यानं बोललं तर अजून ऐकू येतं, किती दिवस ते माहीत नाही. म्हणून शपथ मोडून लिहिते आहे. येणार असशील तर आत्ताच ये, आणि फाटकापासून थेट तिच्या कानाशी येईपर्यंत आवाज दे. लहानपणी द्यायचास तसा.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
रेणुकाताई