तीन टाकल्याबिगर

गुरुजी, लाल पेन खिशातच राहू द्या. मी बोलतो तसंच लिवून राह्यली. सातवी पास बाईनं अजून किती शुद्ध लिवावं? तुमाले जाऊन किती वर्सं झाले याचा मले नीट पत्ता नाही. अमडापूरच्या बाजारात तुमच्या गावाकडची एक बाई मेथी इकत होती, तिनं जुडी बांधता बांधता सांगतलं का ते गुरुजी तर कधीचेच वारले. मी म्हटलं, "कोनते व बाई? ते पिप्यावाले?" ती म्हने, "पिप्यावाले कोन?" तिले काय मालूम. मी पैसे देले अन् मेथी तिथंच इसरून घरी आली. सून म्हने, "आत्याबाई, बाजारातून काय आनलं?" मी म्हटलं, "पाय दुखून आनले."

मले देलं गावातच, त्याच्यानं आता मी आपल्याच शाळेत खिचडी रांधतो. पोट्टे मले आजी म्हनतात, अन् मी त्याइले त्याइच्या आजाच्या लहानपनच्या फजित्या सांगून चिडवतो. सातवीचा वर्ग माह्या रांधायच्या खोलीले लागूनच हाय, त्याच्यानं दाय शिजेपावतर माह्यी पुन्ना एकदा सातवी होऊन जाते. मागच्या हप्त्यात मॅडमनं फळ्यावर दोन खाने आखले. एकावर लिवलं इनपुट, दुसऱ्यावर आउटपुट. इकडं दोन, तिकडं चार. "सांगा, नियम काय?" एक पोट्टं वरडलं, "दोन मिळवा!" मॅडम म्हने, "चूक. दुप्पट." खिचडी हालवता हालवता माह्या हातातला सराटा गंजातच थांबला. म्या दारातून मुंडकं काहाडलं अन् म्हटलं, "मॅडम, तीन टाकल्याबिगर त्याले खोटं काऊन म्हनता?" सारा वर्ग मांगं पाहे. मॅडम मोठ्या मनाची पोरगी. खो खो हासली अन् म्हने, "आजी, हात धुवा अन् या. तुमीच घ्या आज."

गुरुजी, तुमी तेलाचा रिकामा पिपा आनला होता तो दिवस मले आजच्यावानी दिसते. दोन बाजूनं दोन भोकं पाडेल, मांगची बाजू कापेल. तुमी पिपा टेबलावर ठेवता अन् म्हनता, "ही चक्की हाय. इकून आकडा टाका, तिकून दुसरा निंघते. आत कोनता नियम हाय ते वळखा." माह्या तोंडाले कुठं दम? मी उठून म्हनतो, "गुरुजी, आपल्या गावची चक्की तर टाकलं त्याहून कमीच देते. तुमची दोनाचे चार कशी करते?" पोट्टे हासू हासू लोळतात, अन् चक्कीवाल्याचं पोरगं रडकुंडीले येते. तुमी छडी नाही उचलली. म्हटलं, "तोंड लय चालते तुह्यं. आता डोकं चालव. बस पिप्याच्या मांगं, आजपासून तूच चक्की." टेबलाले चादर बांधून तिच्या आड मले बसवलं. पयली चिठ्ठी आली दोनची. मी चारची बाहेर टाकली. कोनी म्हने दोन मिळवले, कोनी म्हने दुप्पट केली, अन् एक जन म्हने आकड्याले त्याच आकड्यानं गुनलं. तुमी म्हटलं, "दोनावर तिघंही खरे हाय. आता तीन टाका." तीनची चिठ्ठी माह्या हातात आली. पाच देऊ, का सहा, का नऊ? साठ डोळे त्या भोकाकडं लागले. गुरुजी, त्याच्या मांगं नाही अन् पुढं नाही, माह्या हातात तेवढा जोर कधी आला नाही. मी नऊ देले. दोघं जन मटकन खाली बसले अन् तिसरा बाकावर नाचला. तुमी फळ्यावर मोठं लिवलं, तीन टाकल्याबिगर नियम सांगू नये. मी चादरीतूनच इचारलं, "तीन म्हंजे तिनाचा आकडा, का तीन आकडे?" तुमी म्हटलं, "दोन्ही समज, अन् गप बस."

ते मी जन्मभर पुरवलं. माह्या मालकानं चहा मांगतला का मी म्हनो, तीनदा मांगा, मंग नियम समजीन. बिचारा खरंच तीनदा मांगे. आता अकरा वर्सं झाले, चहा मांगनारं कोनी नाही. मी एकटीचाच ठेवतो, अन् तोही कधी कधी उतू जाते.

तर मॅडमनं मले वर्गात घेतलं. पिपा काही भेटला नाही, मी दाराच्या आड बसली अन् फटीतून चिठ्ठ्या घेतल्या. पोट्टे असे रंगले का खिचडी बुडाले लागली, अन् तरी कोनी कुरकुर नाही केली. जेवताना सातवीतली एक पोट्टी माह्याजवळ बसली. जरा आगाऊच हाय, माह्यासारखी. म्हने, "आजी, तुमी एवढ्या हुशार, मंग पुढं काऊन नाही शिकल्या?" मी नेहमीचं सांगतलं, जे मी सासरी सांगतलं, लेकरायले सांगतलं, सुनेले सांगतलं. का माह्या गुरुजीनं बापाले इचारलं, बाप नाही म्हनला, अन् गुरुजी गेले ते पुन्ना आले नाही. पोट्टी घास तसाच धरून म्हने, "एकदाच आले? तीनदा काऊन नाही आले मंग?" ताट घासाचं निमित करून मी नळावर गेली.

तुमी आल्ते तो दिवस पयले लिवतो. माह्या मोठ्या बहिनीले बापानं आठवीत घातलं होतं, मोटारीनं जाये येये. तिले पाहाले पाव्हने आले तर ती सगळ्याइच्या समोर म्हने, मले आताच लग्न नाही कराचं. बापाची मान खाली गेली. त्याच्यानं माह्यी सातवी झाली तसं माह्यं दप्तर त्यानं उतरंडीवर टाकून देलं. तुमी ओट्यावर बसले, पानी पेले, अन् म्हटलं, "दादा, एकाच आकड्यावरून नियम बांधू नका. एक पोरगी तसं बोलली म्हनून दुसरीही तसंच बोलंन असं थोडीच हाय." बाप म्हनला, "गुरुजी, तुमचे आकडे कागदाचे हाय. चुकले तर खोडून टाकता. माह्यापाशी दोनच पोरी हाय. दुसरी टाकून पाहू का?" तुमी मान खाली घातली. मी दाराच्या मांगं उभी होती. मले वाटे, तुमी आता म्हनान, टाका, टाकून पाहा. तुमी चपला घातल्या अन् गेले.

तो राग मी लय वर्सं पोसला. मी म्हनो, पोट्ट्याइले तीन टाका म्हनून शिकवते, अन् माह्या बापाच्या दारात एकदाच आला हा मानूस. अन् पाहा, तीच बहीन पुढं नर्स झाली. बापाच्या आखरीले त्याचं हागनं मुतनं तिनंच काहाडलं. तो तिचा हात धरून रडे अन् माह्याकडं पाहे. नियम त्याले तवा समजला असंन. मी काहीच बोलली नाही. मी अन् न बोलनं, इचार करा.

पन गुरुजी, मी पोट्टीले खोटं सांगतलं. तुमी दुसऱ्यांदा आल्ते. दुपार होती. माह्यी सोयरीक जमली होती अन् त्याच सकाळी कासारीन बांगड्या भरून गेल्ती, हिरव्यागार, कोपरापावतर. मी ओट्यावर बसून हात हालवून त्याचा आवाज आयकून राह्यली होती. तुमी सायकल भिताडाले लावली अन् इचारलं, "बाबा हाय का घरात?" बाप आतमंदी बाजीवर लोळेल होता, जागाच होता. मी म्हटलं, "वावरात गेले." तुमी माह्या हाताकडं पाह्यलं. मंग खिशातून कागद काहाडला. त्याच्यावर दोन खाने आखेल, तीन आकडे भरेल, चवथ्यासमोरची जागा कोरी. "हे सोडव. मी पुन्ना येतो." त्याच महिन्यात तुमची बदली झाली, तिकडं जळगाव जामोदकडं. तिसऱ्यांदा येनं राहूनच गेलं.

बाप तुमचा अपमान करंन म्हनून मी खोटं बोलली, असं मी मले समजावत आली. हे पत्र लिवेपावतर तेच समजावत होती. तुमच्या कोऱ्या जागेत सतरा येत होते, मले ते उभ्या उभ्याच आले होते. मी लिवले नाही. लिवाले हात हालवला असता तर बांगड्या वाजल्या असत्या अन् बाप बाहेर आला असता, असंही नाही.

बांगड्या तर मालकासंगच गेल्या. तो कागद कुठं गेला मले ठाऊक नाही. उद्या त्या पोट्टीले सांगीन म्हनतो का गुरुजी दोनदा आल्ते. पन एक खरं फक्त तुमाले सांगतो, ते तिले सांगायची हिंमत होनार नाही. त्या दिवशी मले शाळेपक्षा त्या बांगड्याच जास्त आवडल्या होत्या.