बुलबुलासाठी ठेवलेलं पाणी

भिंगार, मंगळवार, संध्याकाळ

आज सकाळी शिक्र्याने आमच्याच अंगणात बुलबुल मारला. बुलबुल पाणी प्यायला मातीच्या भांड्याच्या काठावर बसला होता. शिक्रा पेरूच्या झाडावरून आला आणि त्याला उचलून घेऊन गेला. काठावर एक पीस राहिलं. वाईट वाटायला हवं होतं, पण मी आधी आत जाऊन दुधाखालचा गॅस बंद केला.

ह्यांना मात्र फार लागलं. निवृत्त झाल्यापासून अंगणाचं हे रान ह्यांनीच राखलंय. फवारणी करायची नाही, पालापाचोळा जाळायचा नाही. शेजारच्या शांताबाई कुंपणावरून म्हणाल्या, "पानी तुमीच ठिवलं. मंग पाखरं येनार, अन् त्यांच्यामागं त्यो बी येनारच की." ह्यांनी सरळ जाऊन पाणी ओतून भांडं पालथं घातलं.

शांताबाईंचं काय चुकलं? दिवसभर ते पीस डोळ्यांपुढे येत होतं. आपण बोलावलं म्हणजे आपणच मारलं, असं होतं का?

चारच्या सुमाराला दुसरा बुलबुल आला आणि पालथ्या भांड्यावर बसून इकडेतिकडे बघत राहिला. हे खिडकीतून पाहत होते. उठले, बाहेर गेले आणि भांडं मेंदीच्या कुंपणाला अगदी लागून ठेवलं, म्हणजे पाखराला झटकन आत शिरता येईल. मग ते पुन्हा काठोकाठ भरलं.

"आणि शिक्रा आला तर?" मी विचारलं.

"पिऊ दे की. ऊन त्यालाही लागतंच."