बिहीचं पातेलं

इस्फहान, शरद ऋतू

फरंगीस वहिनी,

तब्येत विचारत नाही, ती चांगलीच असणार.

गेल्या शरदात तुम्ही आणि दादा माझ्याकडे जेवायला आलात. मी बिहीच्या फोडी आईच्या तांब्याच्या पातेल्यात चार तास मंद आचेवर ठेवल्या होत्या. फिकट, दगडासारखं ते फळ त्यात डाळिंबासारखं लाल व्हायचं. दोन वाट्या संपवून तुम्ही म्हणालात, "अक्रम, काय सुरेख पातेलं आहे गं."

मी म्हटलं, "तुमचंच आहे, न्या."

असं म्हणायचं असतं. आपल्याकडे कुणी मांजराचं कौतुक केलं तरी "तुमचंच" म्हणतात, आणि पाहुणा "नको, नको" म्हणतो. तुम्ही म्हणालात, "एवढा आग्रह करतेस तर नेते बाई." आग्रह मी एकदाच केला होता. वर पातेलं घासूनही मीच दिलं. दादा खाली बघून बुटाच्या नाड्या बांधत राहिला.

यंदा बिही स्टीलच्या पातेल्यात केली. पिवळीच राहिली.

आता शुक्रवारी तुम्ही अख्ख्या घराला बिही खायला बोलावलंय. मी येईन, दोन वाट्या खाईन आणि सगळ्यांदेखत म्हणेन, "वहिनी, काय सुरेख पातेलं आहे." मग तुम्हाला "तुझंच आहे" म्हणावंच लागेल.

हे पत्र टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही पातेलं लपवाल. पिशवी मात्र आजच दाराशी टांगून ठेवली आहे.

तुमचीच, असं म्हणायचं असतं म्हणून,
नणंद अक्रम