तीन हाका

१४ जून १९९१

विस्टिनकाका,

नमस्कार. आई रोज तुमच्या खुशालीची प्रार्थना करते. मी करत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला फसवल्यासारखं वाटायला नको. इथे सगळे बरे आहेत. केपरच्या झुडपांना यंदा भरपूर कळ्या आल्या आणि आईने चार बरण्या खारवल्या. बाबांचा खोकला कमी आहे. डाव्या हाताने ते आता बऱ्यापैकी अक्षर काढतात.

मेलबर्नहून आलेलं तुमचं पत्र गावातल्या बँडक्लबाच्या सेक्रेटरीने, नार्डूने, मला स्वतः आणून दिलं. तुम्ही क्लबाला नवं छप्पर घालून दिलंत, म्हणून यंदा संत रोकूच्या सणाला तुम्ही याल तेव्हा दुपारच्या बारांमध्ये पहिलं नाव तुमचं पुकारणार आहेत, आणि नाव पुकारलं की त्या नावाचा गोळा आकाशात उडवायचा. नार्डू म्हणाला, "पोरी, काकाचा बार असा बांध की खालच्या आळीवाल्यांच्या बश्या फुटल्या पाहिजेत!" आणि तुमच्या पत्रात बाबांबद्दल लिहिलंय, "बेर्तूला पुढच्या रांगेत बसवा. ऐकू येत नसलं तरी बिचाऱ्याला हादरा तरी जाणवेल."

हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

तुम्हाला आठवतं का, बाबांनी मला शोभेच्या दारूला हात लावू देण्याआधी शब्द शिकवले होते? तुम्हीही टेबलाशी बसून हसत होतात. "फुटला" म्हटलं की बाबा पळीने टेबल ठोकायचे. "कुठे फुटला? कसा फुटला? आकाशात गोळा उमलतो. जमिनीजवळ तो तडकतो. गोळा उडवायच्या उखळीच्या आत फाटतो. आणि वात जळूनही गप्प राहिला, तर तो मुका. नीट सांगता येत नसेल तर दारूच्या वाटेला जाऊ नकोस." आई चुलीजवळून म्हणायची, "आणि बाप घरात भडकतो, तो शब्द कोण शिकवणार?" तेव्हा तुम्ही एवढे हसलात की पोट फुटेल म्हणून पट्टा सैल केलात. तेव्हा मी तुम्हाला अरे-तुरे करायची.

एक शब्द मात्र बाबांनी शिकवला नाही. खोलीला काय होतं, तो शब्द. तो मला गावाने शिकवला. नऊ वर्षं झाली, आमच्या घराला कोणी जुन्या नावाने ओळखत नाही. आम्ही "उडालेले". बेकरीत गेले की खालच्या आळीची म्हातारी विचारते, "काय गं उडालेल्यांच्या पोरी, आज कुणाचं छप्पर?" आणि सगळे हसतात, मीही हसते. आईला अजून हसता येत नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

त्या दिवशी मी सोळा वर्षांची होते. डब्यात टोमॅटो चोळलेला पाव घेऊन शेतातल्या कारखान्यावर आले होते. बाबांच्या पांढऱ्या दारूच्या खोलीची चाळण निळ्या दांड्याची, तुमच्या काळ्या दारूच्या खोलीची लाल दांड्याची. एकीची दुसरीत कधीही न्यायची नाही, दोन्ही भुकट्या मिसळल्या की भडका उडतो, हे आपल्याकडे चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. बाबा विहिरीवर हात धुवायला गेले होते. तुम्ही पांढऱ्या खोलीतून निळी चाळण घेऊन बाहेर आलात. मला बघून थबकलात, डोळा मारलात आणि म्हणालात, "माझी जाळी फाटलीय गं. दोन मिनिटांत ठेवतो जागेवर. दादाला सांगू नकोस, आज आधीच भडकलाय." ठेवलीत खरी दोन मिनिटांत. पण झटकून ठेवलीत, धुऊन नाही.

मी सांगितलं नाही. बाबा त्या दिवशी खरंच चिडलेले होते, मला ओरडा खायचा नव्हता. बाबा परत आत गेले होते आणि मी कॅरोबच्या झाडाखाली बसून तुमच्यासाठी अंजिरं सोलत होते, तेवढ्यात पांढऱ्या खोलीचं छप्पर माझ्या डोळ्यांदेखत वर गेलं.

चौकशीत तुम्ही शपथेवर सांगितलंत की तुमची लाल चाळण दिवसभर तुमच्या हातात होती, धड होती, आणि स्फोटात जळून गेली. दादा अलीकडे विसराळू झाला होता, हेही सांगितलंत. मग न्यायाधीशांनी मला विचारलं. आदल्या दिवशी तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला होतात, "एक भाऊ गेल्यातच जमा आहे, दुसऱ्याला तुरुंगात घालू नकोस." मी म्हणाले, "मी काही पाहिलं नाही."

बाबांना तेव्हा ऐकूच येत नव्हतं. मी पाटीवर लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि डाव्या हाताने वाकडंतिकडं लिहिलं: "मग मीच चुकलो असेन." तेव्हापासून ते रोज तो दिवस सकाळपासून उजळणीला घेतात आणि आपली चूक शोधतात. नऊ वर्षं, काका. जी तिथे नाहीच, ती.

मला वाटायचं, माझ्याजवळ माझ्या आठवणीशिवाय काही नाही, आणि घाबरट माणसाची आठवण काय कामाची? पण मे महिन्यात कारखान्याचा परवाना माझ्या नावावर झाला, म्हणून मी शेतातली विहीर उपसायला लावली. गाळातून एक चाळण निघाली. लाल दांडा. जाळी फाटलेली. काठावर जळल्याची एक खूण नाही. शिडीवर उभा असलेला गवंडी म्हणाला, "चांगला दांडा आहे, टाकली कुणी?" मी म्हणाले, "ओळखीच्याने."

ती आता माझ्या कपाटात आहे, चादरींच्या मागे.

पहिल्यांदा मनात काय आलं, तेही लिहिते, कारण अर्धं सांगायची सवय मला मोडायची आहे. तुमच्या नावाचा गोळा मुका बांधावा, असं आलं. दोन रात्री त्यावर विचार केला. पण मुका गोळा खाली येतो, आणि खाली माणसं असतात. बाबांनी शिकवलेल्या हातांनी मला ते जमणार नाही. म्हणून मी गोळाच बांधणार नाही. नार्डू क्लबाच्या गच्चीवरून तुमचं नाव पुकारेल, बँड थांबेल, सगळं गाव मान वर करेल. आणि तुमची उखळी रिकामी असेल. जुन्या बेकरचा बार गप्प राहिला होता, त्याच्या नातवंडांनाही आज "मुक्याचे" म्हणतात, ते तुम्हाला माहीत आहे. त्या शांततेत मी चाळण घेऊन गच्चीवर जाईन आणि दोघांचंही खोटं सांगेन. आधी माझं, मग तुमचं. सणानंतरच्या सोमवारी हेच न्यायाधीशांपुढे लिहून देईन. परवाना जाईल. जाऊ दे.

तुम्ही आधी येऊन बाबांसमोर बसलात आणि पाटीवर स्वतःच्या हाताने खरं लिहिलंत, तर गच्चीवर मी जाणार नाही. न्यायाधीशांकडे तरीही जाईन. तुमच्यावर दया म्हणून ही सवलत देत नाही. बाबांना ते तुमच्या अक्षरात वाचायला मिळावं, एवढ्यासाठी देते. खरं सांगू? तुम्ही लिहू नये, असंच मला वाटतं. ती शांतता मला ऐकायची आहे.

मग हे आधी का कळवतेय, असं तुम्ही म्हणाल. वात पेटवण्याआधी तीनदा ओरडायचं, समोर कोणीही उभा असो, ही बाबांची शिकवण. त्या दिवशी मी एकदाही ओरडले नव्हते.

दुसरी हाक विमानतळावर देईन, तुम्हाला न्यायला मीच येणार आहे. तिसरी गच्चीवरून.

ही पहिली.

सांभाळा.

बेर्तूची मुलगी,
रेदेन्ता