मनकर्णेची हाक

अकोट, १२ नोव्हेंबर १९३४

अमरावतीहून यंत्रासह सुखरूप पोचलो. महादेवरावांनी आपल्या मळ्यातल्या बंगलीच्या दोन खोल्या दिल्या. पत्नी शकुनने आल्या आल्या चूल पेटवली. माणसाचा आवाज कंठात कसा घडतो, हा माझा अभ्यास. इथे भाजी विकणाऱ्या मनकर्णेची हाक कापसाच्या जिनिंग गिरणीच्या खडखडाटावरूनही बाजारभर ऐकू जाते, असे कळले होते. आज ऐकली. आनंदाने अंगावर काटा आला!

१४ नोव्हेंबर

मनकर्णा वांग्यांची पाटी उतरवून यंत्रापुढे बसली. काजळी धरलेल्या कागदावर तिच्या आवाजाची रेघ उमटली, खणाच्या काठासारखी रेखीव. घशात छोटा आरसा घालून कंठातले पडदे पाहिले. निरोगी, लवचीक. आरसा पाहून तिला हसू आवरेना. नवरा देवीदास बाजूला ताठ मानेने उभा.

१७ नोव्हेंबर

मनकर्णेचा आवाज गेला. देवीदास सांगतो, भर दुपारी कपाशीतून कुणी तिला हाक मारली, हिने ओ दिली, तेव्हापासून मुकी. पुन्हा पडदे पाहिले. हलतात, जुळतात, श्वासही पुरेसा. कागदावरची रेघ मात्र सपाट.

१८ नोव्हेंबर

देवीदास धापा टाकत आला. कपाशीतून मनकर्णेच्या आवाजात त्याला हाक आली, नाव घेऊन. मनकर्णा तर घरातच होती.

"तिनं उभ्या जन्मात माह्यं नाव नाई घेतलं, साहेब. तुमी आवाज मोजून राहिले, मंग तिचा तिले आणून द्या ना!"

ओ देऊ नकोस, एवढेच सांगू शकलो.

१९ नोव्हेंबर

त्याने ओ दिली. बायकोचा आवाज तरी परत येईल, असे वाटले असावे. आता दोघेही मुके, माझ्या ओट्यावर बसून माझ्याकडे पाहत राहतात. माझ्याजवळ औषध नाही —

२१ नोव्हेंबर

आज देवीदासच्या आवाजात महादेवरावांना हाक. मी धावलो, ओरडलो — त्यांनी आधीच ओ —

गाडीवान पळून गेले. शकुनला घेऊन निघू कसा?

२२ नोव्हेंबर

दुपार. हाक अंगणात. महादेवरावांच्या आवाजात — शकुनला. डाव्या हाताने तिचे तोंड दाबून धरलेय. ती मान हलवते, नाही, नाही. तळव्याखाली ओठ मिटलेले. तरी तिची ओ ऐकू आली — अंगणातून —

रडते आहे. आवाज नाही.

आता तिच्या आवाजात — मला —

दात आवळलेत. बोटे कंठावर. पडदे आपोआप जु—