थडग्यावरची तारीख

यिनथान, २ एप्रिल २०२४

प्रिय रुओलान,

तुझा अहवाल मी दोनदा वाचला. शुद्धलेखन निर्दोष आहे, वाक्ये आटोपशीर आहेत. भाषाशिक्षकाच्या मुलीने लिहिला आहे, हे पहिल्या ओळीपासून कळते. मजकूर मात्र चुकीचा आहे. तुझी आई घरातल्या वस्तू आणायला परत गेली आणि म्हणून पाण्यात सापडली, असे तू लिहिले आहेस. ती परत गेली नव्हती. ती घरातून बाहेर पडली होती, आणि तिच्या हातात दोनच वस्तू होत्या; त्यांच्याविषयी पुढे लिहितो. दुसरे, पूर पावसाने, आठ जूनच्या पहाटे आला, हे जिल्हा कचेरीचे म्हणणे तू जसेच्या तसे उतरवले आहेस. तिसरे, गेल्या महिन्यात समुद्रकाठी ‘वडिलांनी तक्रार मागे घेण्याचे स्वखुशीने कबूल केले’, असे म्हटले आहेस. समुद्रकाठी मी एवढेच म्हणालो होतो की ताटातली कालवे ताजी आहेत.

मी रागावलेलो नाही. तो अहवाल तू कुठे बसून लिहिलास, ते मला ठाऊक आहे. वडील शांत होईपर्यंत वर्गावर जायचे नाही, असे सांगून शाळेने तुला हिवाळ्यापासून खेळाच्या सामानाच्या खोलीत बसवले आहे. काल थोंग तुझा अहवाल घेऊन माझ्याकडे आला. तो माझा जुना विद्यार्थी. आता मोहल्ला कचेरीत आहे आणि माझ्यावर लक्ष ठेवणे हे त्याचे काम आहे. दारातूनच म्हणाला, “सर, व्याकरण तपासू नका हं. खाली सही ठोका नि मोकळे व्हा. ताई सोमवारी वर्गावर जातील.” सही घेण्यासाठी तो उद्या सकाळी येणार आहे. त्या सहीवर तुझा वर्ग अवलंबून आहे, हे तू जाणतेसच. तिच्यावर आणखी एका माणसाचे आयुष्य अवलंबून आहे, हे तुला ठाऊक नाही.

राजधानीत मार्चमधली मोठी सभा भरली की, मी तक्रार घेऊन तिथे पोहोचू नये म्हणून, मला सहलीला नेतात, हे आता तेलघाणा गल्लीतल्या मांजरांनाही पाठ झाले आहे. शेजारच्या काकू तर यंदा भर गल्लीत ओरडल्या, “मास्तर, या खेपेला समुद्र? आमच्या ह्यांनी जन्मात साधं तळं दाखवलं नाही. मी पण एखादी तक्रार खरडते बघा!” सगळे हसले आणि लगेच आपापल्या दारांत शिरले. एरवी सोबतीला थोंग असतो. यंदा त्यांनी तुलाही पाठवले. तू माझ्यावर लक्ष ठेवायचे, थोंगने तुझ्यावर. रोज न्याहारीनंतर तो ओशाळून म्हणायचा, “सर, फोटो. थोडं हसा ना. मागच्या वेळी साहेब म्हणाले, म्हातारा सहलीला आलाय की अंत्ययात्रेला?” फोटोआधी तू माझी कॉलर सारखी करायचीस. साऱ्या सहलीत आपण दोघांनी तुझ्या आईचे नाव काढले नाही.

आता ते काढतो. २०१९ च्या त्या नागनौका सणाला, सात जूनला, तू आणि मी प्रांताच्या शहरात होतो. माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले होते. डोळ्यांवर पट्टी होती, आणि तू मला वर्तमानपत्र वाचून दाखवत होतीस. आई घरी बांबूच्या पानांत भात बांधत बसली होती. इकडे धरण भरत आले होते. दारे उघडली नसती तर पाणी नव्या उद्योगवसाहतीत शिरले असते. त्या वसाहतीचे उद्घाटन दोन दिवसांवर होते आणि प्रांताचे पाहुणे गावात येऊन उतरले होते. दारे उघडणे कदाचित बरोबरही असेल. धरणातले मला कळत नाही. परंतु दारे उघडताना भोंगा वाजवायचा असतो, एवढे यिनथानमधल्या प्रत्येक मुलाला कळते. तो वाजवला नाही. वाजवला असता तर अख्खे गाव पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत पुलावर धावले असते, आणि ‘शांतता बिघडली’ हा शेरा वर गेला असता. शांतता बिघडली नाही. खालच्या तीन गल्ल्या बुडाल्या.

नुकसानभरपाई मी कधी मागितली नाही. ‘दारे उघडली, भोंगा वाजवला नाही’ एवढी नोंद सरकारी इतिहासात व्हावी, हीच माझी पाच वर्षांची तक्रार. मी पक्षाचा जुना सभासद आहे. ज्या पक्षाने मला अक्षरे शिकवली, त्याला दोन छोटी वाक्ये जड होणार नाहीत, असे मी धरून चाललो होतो.

गेल्या आठवड्यात उपसचिव हाओंनी चहाला बोलावले. जिल्ह्याच्या शांततेचे काम त्यांच्याकडे आहे. माणूस वयाने लहान, परंतु बोलण्यात मुरलेला. स्वतः कप भरत म्हणाले, “गुरुजी, तुमच्या लहानपणी लोक झाडाची साल खात होते. आज पोरं वेगवान रेल्वेनं शिकायला जातात. हे सगळं कशावर उभं आहे? मतं मागून आम्ही इथं बसलेलो नाही. आम्ही सांभाळतो, या एका विश्वासावर बसलोय. तुमचं वाक्य एकदा लिहिलं, की पुढच्या प्रत्येक पुरात लोक विचारणार, दार कोणी उघडलं?” मी म्हणालो, “विचारू द्या. उत्तर देणाऱ्यावर विश्वास बसतो.” ते हसले. “तुम्ही वर्गात विचारू देत होता का हो, गुरुजी?” मी उत्तरलो, “देत होतो. म्हणून तर थोंग अजून मला सर म्हणतो.”

मग त्यांनी कप खाली ठेवला आणि फार मऊ आवाजात बोलले. “तुमचा विजय झालाय. वरून आदेश आलाय की तक्रारीचा निकाल लावा. भोंगा वाजला नाही, हे आम्ही लिहू. दोषीही सापडलाय. त्या संध्याकाळी भोंग्याच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती, तो. तुमचे जावई, गुरुजी. आम्हालाही वाईट वाटतं. तक्रार उभी राहिली तर तिला उत्तर द्यावंच लागेल, आणि उत्तर तयार आहे. तुम्ही मागे घेतलीत, तर उत्तराची गरजच उरत नाही.”

रुओलान, इथे थोडे थांब आणि बसून घे.

किल्ली ज्यानफंगकडे होती, हे खरे आहे. पाटबंधारे कचेरीत त्या संध्याकाळी त्याचीच पाळी होती. वाजवू नकोस, हा हुकूम त्याला फोनवर आला. त्याने तो पाळला. परंतु त्यानंतर त्याने स्वतःच्या फोनवरून घरी फोन केला आणि आईला म्हणाला, “आई, काही विचारू नका. शेजारच्या काकूंकडे वरच्या मजल्यावर जा. आत्ताच्या आत्ता.” आईने एवढेच म्हटले, “आणि बाकीचे?” आणि फोन ठेवला. मग तिने भाताची एनॅमलची परात रिकामी केली, पळी घेतली आणि परात बडवत गल्लीतून खाली, नदीच्या बाजूला गेली. पाणी! वर चढा! दार उघडा! आपल्या गल्लीत दुसरे कोणी दगावले नाही. भोंगा वाजला नव्हता. तुझी आईच भोंगा झाली होती. हे सारे शेजारच्या काकूंनी मला त्याच वर्षी, पानगळीच्या दिवसांत सांगितले. फोन आला तेव्हा त्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात आईजवळ बसलेल्या होत्या.

माझ्या कोणत्याही तक्रारीत तो फोन नाही. त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नव्हता. तरी मी तो कधी वापरला नाही, कारण त्यात ज्यानफंगचे नाव येते. मला हे माहीत आहे, हे त्याला माहीत नाही. दर छिंगमिंगला, थडगी झाडण्याच्या दिवशी, आईचा दगड स्वच्छ झाल्यावरही तो कितीतरी वेळ ब्रशने घासत बसतो. तू त्याला म्हणतेस, “पुरे आता, दगड झिजेल.” तो का थांबत नाही, ते आता तुला कळेल.

हाओंच्या चहानंतर मी फार विचार केला. माझा प्रत्येक अर्ज वर पाठवलेला होता, आणि प्रत्येकात एकच विनंती होती: वरच्यांच्या कानावर घाला, खालच्यांनी झाकले आहे. वरचे निर्मळ, खालचा कोणी तरी मळलेला. सम्राटांच्या काळापासून आपण असेच अर्ज करत आलो, आणि मागितले तेच मला आता मिळते आहे. हुकूम देणारा निर्दोष, किल्लीवाला दोषी, आणि त्या निकालावर न्यायाचा शिक्का. तुझा अहवाल सर्वस्वी खोटा आहे. परंतु तो कोणाला तुरुंगात घालत नाही. त्यांचे उत्तर अर्धे खरे आहे, आणि ते तुझ्या मियाओच्या वडिलांना गिळून टाकील. आईने ज्याचा फोन उचलला, त्याला मी तिच्या नावाने बुडवणार नाही.

म्हणून उद्या मी सही करणार आहे. एकही शब्द दुरुस्त न करता करीन; थोंगला त्याचेच जास्त आश्चर्य वाटेल. माझ्या सहीनंतर खोटी तारीख कायमची पक्की होईल, कारण तिला विरोध करणारा एकमेव माणूसच तिला दुजोरा देईल. तेव्हा खरी तारीख कोठेतरी राहिली पाहिजे, आणि ती कागदावर राहू शकत नाही. हे पत्र शेजारच्या काकू तुझ्या हातात देतील. लहानपणी धडा पाठ करायचीस, तशा खालच्या ओळी पाठ कर. परवा छिंगमिंगला आईच्या थडग्यापाशी तिला पोचवायला कागदी नोटा जाळाल, त्यांच्यात हे पत्रही ठेव. तिलाही वाचायला मिळेल. ज्यानफंगच्या हातातला ब्रश त्या दिवशी तू हळूच काढून घे. त्याला काय सांगायचे, ते तू ठरव.

तुझेच,
बाबा

दुरुस्त तारखा

७ जून २०१९, संध्याकाळ : धरणाची दारे उघडली. (अहवालात ८ जून, पहाट.)

त्याच संध्याकाळी : ज्यानफंगचा घरी फोन. (अहवालात नाही. नसू दे.)

७ जून २०१९ : आई गेली. (मृत्यूच्या दाखल्यात ८ जून.)

मार्च २०२४, समुद्रकाठी : मी काहीही कबूल केले नाही. (अहवालात, केले.)

३ एप्रिल २०२४ : माझी सही. ही एक तारीख त्यांच्याकडेही बरोबर असेल.

थडग्यावर ८ जून कोरले आहे. दगड बदलू नका. मियाओ अक्षरे लावून वाचू लागली आहे. ती ‘आठ’ वाचील, तेव्हा तिच्या कानात ‘सात’ सांग.